सावलीतली उघडी जमीन झाकणारं पिवळं हायपेरिकम: लागवड, छाटणी आणि हद्द

मोठ्या झाडांखाली हिरवळ टिकत नाही. बी टाका, पाणी घाला, वर्ष-दोन वर्षांत गवत विरळ होतंच. मग माती उघडी पडते, आणि जागा उताराची असेल तर जोराच्या पावसात ती वाहूनही जाते. अशा जागेसाठी जी मोजकी झुडपं खरोखर कामाची आहेत, त्यांत हायपेरिकम कॅलिसिनम आम्ही वरच्या रांगेत ठेवतो. उंची फूट-दीड फूट, म्हणजे गुडघ्याच्या खालीच. पसरतं जमिनीखालून. थंडी फार कडक नसेल तर बारा महिने हिरवं राहतं, आणि ऐन उन्हाळ्यात छोट्या वाटीएवढ्या पिवळ्याधमक फुलांनी भरून जातं.

हे झुडूप जगवणं अवघड नाही. लोकांचं चुकतं ते दोन ठिकाणी. लावण्याआधी जमिनीतलं तण मुळासकट निघालेलं नसतं, आणि लावताना झुडपाची हद्द ठरवलेली नसते. ही दोन कामं नीट झाली तर पुढे वर्षाकाठी एक छाटणी पुरते. ती टाळली, तर एक तर तण झुडपावर मात करतं, नाही तर झुडूप शेजारच्या वाफ्यावर.

रोप ओळखून घ्या

हायपेरिकम नावाखाली बरीच वेगवेगळी झाडं विकली जातात आणि त्यातली बहुतेक जमीन झाकण्याच्या कामाची नाहीत. 'हिडकोट' हे झुडूप चार फुटांपर्यंत वाढतं. फुलं सुंदर, पण ते एका जागी गोल उभं राहतं. हायपेरिकम परफोरेटम ही औषधी म्हणून ओळखली जाणारी जात. तिची फुलं लहान आणि झुबक्यांनी येतात. कॅलिसिनम औषधी जातीच्या जागी वापरायचं नसतं, हे इथेच सांगून ठेवतो.

कॅलिसिनमची खूण अशी: फांदी चार बारीक कडांची, पानं समोरासमोर जोडीनं, चार ते दहा सेंटिमीटर लांब, वरून गडद हिरवी आणि खालून निळसर फिकी. खालच्या बाजूला शिरांची बारीक जाळी स्पष्ट दिसते. फांदीच्या टोकाला बहुधा एकच फूल येतं, सात-आठ सेंटिमीटर रुंद. फूल जवळून पाहिलं तर पाच पाकळ्या किंचित एका बाजूला वळलेल्या दिसतात, आणि मधोमध पुंकेसरांचे पाच दाट झुबके, दाढीच्या ब्रशसारखे. प्रत्येक केसराच्या टोकावर लालसर परागकोशाचा ठिपका असतो. फुलाखालचा हिरवा पुष्पकोश चांगला मोठा असतो. कॅलिसिनम हे नाव त्यावरूनच आलं.

रोप फुलावर नसेल तर कुंडी उलटी करून मातीचा गोळा बाहेर काढून पाहा. कडेनं पांढरट किंवा तांबूस धुमारे, म्हणजे जमिनीखालून धावणाऱ्या फांद्या, आडवे फिरताना दिसले तर रोप जोमदार आहे. मुळं कुंडीभर गच्च गुंडाळलेली आणि काळपट दिसली तर ते घेऊ नका. मोठ्या कुंडीतल्या रोपापेक्षा नऊ सेंटिमीटरच्या कुंडीतलं लहान रोप बरं. ते लवकर रुजतं, आणि झाडांच्या मुळांमध्ये मोठा खड्डा खणावा लागत नाही.

कुठे लावावं, कुठे नाही

हे झुडूप मूळचं आग्नेय बल्गेरिया आणि उत्तर तुर्कस्तानातलं. तिथल्या ओक आणि बीचच्या जंगलात ते झाडांच्या पायथ्याशी वाढतं. बागेतलं त्याचं सगळं वागणं या एका गोष्टीवरून समजतं: कोरडी सावली सोसणं, पालापाचोळ्यातून वाट काढणं, मोठ्या झाडांच्या मुळांशी झगडत टिकणं. जॉर्ज व्हीलर या प्रवाशानं 1676 साली ते इंग्लंडात नेलं आणि तेव्हापासून ते सावलीतल्या अवघड जागांसाठी वापरलं जातं.

सगळ्यात चांगली फुलं चाळणीतून आल्यासारख्या उन्हात किंवा दिवसाला तीन-चार तास उन्हात येतात. दाट सावलीत पानं छान राहतात, जमीन झाकली जाते, पण फुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पूर्ण सावलीत फुलांचा गालिचा होईल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पूर्ण उन्हातही ते वाढतं. मात्र उन्हाळा कडक असेल तर पानांच्या कडा करपतात आणि पाणी जास्त लागतं.

थंडीचं म्हणाल तर उणे 15 अंशांपर्यंत फारशी काळजी नाही. त्याखाली पानं आणि फांद्या करपतात, पण मुळं जिवंत राहतात आणि वसंतात जमिनीतून नवी फूट येते. उलट ज्या भागात हिवाळाच थंड होत नाही आणि हवा सतत उष्ण-दमट असते, तिथे हे झुडूप मनापासून वाढत नाही. रोगट राहतं आणि विरळ होतं. अशा हवेत त्याच्या मागे लागू नये.

माती कसलीही चालते. रेताड, चुनखडीची, दगडगोट्यांची, कसहीन. चालत नाही ती एकच, पाणी साचणारी. शंका असेल तर फूटभर खोल खड्डा खणा, पाण्यानं भरा, जिरू द्या, आणि लगेच पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी तासाला अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी वेगानं उतरत असेल तर ती जागा सोडा, किंवा आधी चर काढून निचरा सुधारा. ओल्या जागी मुळं कुजतात. पानं आधी मलूल होतात, आणि माणूस तहान लागली समजून आणखी पाणी घालतो. रोप गेलंच समजा.

लहान फुलझाडांच्या वाफ्यात हे लावू नका. दोन वर्षांत ते शेजाऱ्यांच्या मुळांत शिरतं, आणि मग एकाला काढताना दुसरं उपटतं. बाग नैसर्गिक रानाला लागून असेल तिथेही नको. मूळ प्रदेशाबाहेर अनेक ठिकाणी ते बागेतून निसटून रानात पसरलं आहे. बी क्वचितच धरतं. बहुतेकदा ते बागेतल्या उपटलेल्या कचऱ्याबरोबर जातं. म्हणून उपटलेले धुमारे कुंपणापलीकडे टाकू नयेत.

रोपं किती लागतील

दोन रोपांत 45 सेंटिमीटर अंतर ठेवलं तर पूर्ण झाकायला साधारण दोन वाढीचे हंगाम लागतात. 30 सेंटिमीटर ठेवलं तर पुष्कळदा दुसऱ्या उन्हाळ्यातच माती दिसेनाशी होते, पण रोपं दुपटीहून जास्त लागतात. रांगा समोरासमोर न ठेवता तिरक्या ठेवा, म्हणजे पुढच्या रांगेतलं रोप मागच्या दोन रोपांच्या मधोमध येईल. अशा मांडणीत 45 सेंटिमीटरला चौरस मीटरमागे सहा रोपं धरा आणि दोन रांगांत 39 सेंटिमीटर सोडा. 30 सेंटिमीटरला चौरस मीटरमागे तेरा रोपं, रांगांत 26 सेंटिमीटर. म्हणजे सहा मीटर लांब आणि दोन मीटर रुंद पट्ट्याला पहिल्या हिशेबानं सत्तरच्या आसपास, दुसऱ्यानं दीडशेच्या वर.

आमचा सल्ला असा: सपाट जागेवर 45, उतारावर 30. उतारावर माती उघडी राहण्याचा प्रत्येक महिना महागात पडतो. रोपं कमी असतील तर सगळीकडे विरळ लावण्यापेक्षा अर्धा भाग नीट दाट लावा आणि उरलेला आच्छादनाखाली ठेवा. दोन वर्षांनी पहिल्या भागातूनच पुढची रोपं निघतात.

जमीन तयार करणं

हा भाग लोक घाईनं उरकतात आणि पुढे पस्तावतात. हायपेरिकमचं जाळं एकदा बसलं की त्यात खुरपं घालता येत नाही. धुमारे आणि तणाची मुळं एकमेकांत इतकी गुंततात की तण ओढलं की झुडूप निघतं. त्यामुळे बहुवर्षायू तण लावणीआधीच संपवायचं. हरळी आणि लव्हाळा असतील तर विशेष. हरळीची प्रत्येक कांडी रुजते आणि लव्हाळ्याची प्रत्येक गाठ फुटते. नांगरून किंवा फिरत्या पात्याच्या यंत्रानं जमीन उकरली की एकाचे शंभर होतात.

खात्रीचा मार्ग हळू आहे. तण जमिनीलगत कापा, वर जाड पुठ्ठा एकमेकांवर वीतभर चढवून अंथरा, भिजवा, आणि त्यावर दहा सेंटिमीटर पालापाचोळा किंवा लाकडाचा चुरा टाका. एक पूर्ण वाढीचा हंगाम तसंच ठेवा. लव्हाळ्याची टोकदार फूट पुठ्ठा भेदून वर येते. ती दिसताक्षणी काढत राहा, गाठीतला साठा संपेपर्यंत. दोन्ही तणं उन्हाची भुकेली आहेत. सावलीत ती आधीच कमजोर असतात, त्यामुळे इथे हा उपाय उघड्या माळापेक्षा लवकर लागू पडतो. हंगामाच्या शेवटी पुठ्ठा उचलून बोटानं माती चाचपा. पांढरी, कडक, जिवंत मुळं लागली तर लावणी पुढे ढकला. एक हंगाम थांबणं हे पाच वर्षं तण उपसण्यापेक्षा सोपं.

मोकळ्या जागी वीतभर खोल खणा, आणि कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट पाच सेंटिमीटर थरानं मिसळा. चौरस मीटरला ते सुमारे पन्नास लिटर भरतं, म्हणजे चार मध्यम घमेली. त्याहून जास्त नको. अतिपोसलेलं हायपेरिकम लुसलुशीत, आडवं पडणारं आणि तांबेऱ्याला बळी पडणारं होतं.

मोठ्या झाडाखाली मात्र सगळी जमीन खणू नका. झाडाची अन्नपाणी घेणारी मुळं वरच्या फूटभरातच असतात. तिथे रोपापुरते खळगे करा. बोटापेक्षा जाड मूळ लागलं की ते तोडण्याऐवजी खळगा हातभर सरकवा. माती वरून ओतून उंची वाढवायचा मोह होतो. पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त भर घालू नका, कारण मुळांना हवा मिळेनाशी होऊन झाडच वाळतं. बुंध्याभोवती निदान दोन फूट जागा मोकळी सोडा. सालीलगत सतत ओल राहणं कुठल्याच झाडाला मानवत नाही.

लावणी

थंडीचा कडाका संपून नवी फूट येण्याआधी, किंवा पावसाळी शरदात, हे दोन मोसम चांगले. हिवाळा फार कडक असेल तर वसंतच निवडा. शरदात लावलेली रोपं मुळं धरण्याआधीच गोठलेल्या मातीबरोबर वर उचलली जातात. झाडाखाली लावायचं असेल आणि हिवाळा सौम्य असेल तर शरद अधिक बरा. तेव्हा झाड पाणी कमी पितं, आणि रोपाला मुळं पसरायला सवड मिळते.

रोपं आदल्या संध्याकाळी कुंडीतच भरपूर भिजवा. खळगा कुंडीच्या दुप्पट रुंद, पण खोलीला कुंडीएवढाच. मुळं गोल फिरलेली असतील तर बोटांनी मोकळी करा. मातीची पातळी कुंडीत होती तीच ठेवा. खोल पुरलेल्या रोपाचा गड्डा, म्हणजे फांद्या आणि मुळं जुळतात तो भाग, कुजतो. माती मुठीनं दाबा, पायानं नको. मग प्रत्येकाला दोन लिटर पाणी एकदम न ओतता दोन-तीन वेळा थोडं थोडं द्या. शेवटी लांब उभ्या फांद्या एक तृतीयांश छाटा. जीवावर येतं, पण त्यामुळे रोप वर जाण्याऐवजी बुडातून फुटतं.

उतारावर काम वरून खाली करत या, म्हणजे लावलेल्या रोपांवर पाय पडत नाही. प्रत्येक रोपाच्या खालच्या अंगाला मातीचा अर्धगोल बांध घाला. पाणी क्षणभर थांबून मुळाशी जिरतं. उतार चांगलाच तीव्र असेल तर आधी काथ्याची जाळी खुंट्यांनी ताणून बसवा आणि तिच्या छिद्रांतून रोपं लावा. हायपेरिकमचं जाळं जमीन धरू लागेपर्यंत ती माती अडवते आणि पुढे आपोआप कुजून जाते. तणरोधक प्लॅस्टिक कापड मात्र अजिबात वापरू नका. हे झुडूप जमिनीखालून चालतं आणि दर वीतभरावर डोकं वर काढतं. कापडाखाली ती फूट गुदमरते, आणि वर्षानुवर्षं प्रत्येक रोप आपापल्या भोकात एकटं उभं राहतं.

रोपांच्या मधल्या जागेत पाच-सहा सेंटिमीटर आच्छादन टाका. बुडाला चिकटवू नका.

पहिली दोन वर्षं

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला चौरस मीटरमागे पंचवीस लिटर पाणी धरा. पाऊस तेवढा झाला तर सुट्टी. झाडाखाली नुसत्या पावसावर विसंबू नका; बारीक सर पानांवरच अडते आणि खाली माती कोरडी राहते. बोट दोन पेरं मातीत घालून पाहणं हाच खरा मापदंड. दुसऱ्या उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांनी पाणी पुरतं. त्यानंतर फक्त लांबलेल्या कोरड्या काळात.

पहिल्या वर्षी झुडूप जागचं हलत नाही असं वाटतं. वर सहा इंच, बाजूला काही नाही. तेव्हा निराश होऊन खत टाकू नका. त्याचं सगळं काम जमिनीखाली चाललेलं असतं. दुसऱ्या वसंतात दोन रोपांच्या मधल्या मातीतून तांबूस कोंब डोकावू लागले की समजा, जाळं जुळलं. तोवर तण दर पंधरवड्याला हातानं काढावं लागतं. फार लागत नाही; दहा चौरस मीटरला अर्धा तास. पण ते चुकवलं तर तिसऱ्या वर्षी पूर्ण आठवडा गेला तरी पुरत नाही.

छाटणी

वर्षातून एकदा करायचं महत्त्वाचं काम हेच, आणि ते करायला माणसं कचरतात. हायपेरिकम कॅलिसिनम चालू वर्षाच्या नव्या फुटीवर फुलतं. म्हणून हिवाळ्याच्या शेवटी, कळ्या हलण्याच्या आधी, सगळं झुडूप जमिनीपासून पाच ते आठ सेंटिमीटरवर सरसकट कापलं तरी त्या वर्षाचं एकही फूल बुडत नाही. उलट नवी फूट दाट, ताठ आणि सारख्या उंचीची येते. महिना-दीड महिना जागा बोडकी दिसेल. दिसू द्या.

छाटलंच नाही तर तीन-चार वर्षांत खालच्या फांद्या लाकडी होतात, पानं फक्त टोकाला उरतात, मध्ये भोकं पडतात, आणि त्या भोकांतून तणाला ऊन मिळतं. लोक म्हणतात झुडूप म्हातारं झालं. ते म्हातारं झालेलं नसतं, न छाटलेलं असतं. कितीही बिघडलेला पट्टा असला तरी एकदा जमिनीसरशी कापून वर बोटभर कंपोस्ट पसरलं की त्याच हंगामात भरून निघतो.

थंडीनं पानं करपत असतील तिथे दरवर्षी छाटा. सौम्य हवेत दर दोन-तीन वर्षांनी चालतं. लहान पट्ट्याला कुंपण छाटायची मोठी कात्री पुरते. मोठ्या जागेवर ब्रशकटर, किंवा जमीन सपाट आणि दगड नसतील तर गवत कापायचं यंत्र सगळ्यात उंच पातळीवर ठेवून. यंत्राचं पातं आधी धार लावून घ्या. बोथट पातं फांदी कापत नाही, चिरफाळतं, आणि फाटलेल्या टोकातून ती वाळत खाली जाते. कापलेलं सगळं दंताळ्यानं गोळा करा. ते तिथेच पडू देणं हे तांबेऱ्याला आमंत्रण.

उन्हाळ्याच्या मध्यावर छाटणी करू नका. उत्तर गोलार्धात फुलं जून ते सप्टेंबरपर्यंत येत राहतात, आणि तेव्हा कापलं तर बहर तिथेच संपतो. शरदातही मोठी छाटणी नको. उशिरा आलेली कोवळी फूट पहिल्या कडाक्यात जळते.

काय बिघडतं

खरा शत्रू एकच, तांबेरा. मेलॅम्प्सोरा हायपेरिकोरम ही बुरशी तो आणते. पानाच्या वरच्या बाजूला फिकट पिवळे ठिपके दिसतात. पान उलटं केलं की त्याच जागी नारिंगी पुटकुळ्या, बोट फिरवलं तर हळदीसारखी भुकटी लागते. पानं पिवळी पडून गळतात आणि झुडूप अवकाळी उघडं होतं. ओलसर, थंडगार हवा आणि कोंदट दाटी असली की तो वाढतो. गव्हावरच्या काही तांबेऱ्यांना लागते तशी या बुरशीला दुसऱ्या जातीच्या झाडाची गरज नसते. ती हायपेरिकमवरच जगते, म्हणून तिचा साठा तुमच्याच पट्ट्यात असतो.

उपायही त्यावरूनच. हिवाळ्याअखेर जमिनीसरशी छाटा आणि सगळा कचरा पोत्यात भरून बाहेर काढा, कंपोस्टच्या ढिगात टाकू नका. पाणी सकाळी आणि मुळाशी द्या. संध्याकाळी पानांवर फवारा मारणं थांबवा. नत्राचं खत बंद. वरच्या झाडाच्या खालच्या फांद्या काढून हवा खेळती केली तर फार फरक पडतो. दोन-तीन झाडांवर हंगामाच्या सुरुवातीला ठिपके दिसले तर तेवढीच कापून न्या. रोगट पट्ट्यातून नव्या जागेसाठी रोपं घेऊ नका, ती कितीही निरोगी दिसोत.

उष्ण, रेताड जमिनीत मुळांवर सूत्रकृमींच्या, म्हणजे मातीतल्या अतिसूक्ष्म कृमींच्या, गाठी येतात. पाणी असूनही झुडूप खुरटतं, दुपारी माना टाकतं, आणि खणून पाहिलं तर मुळांवर मण्यांसारख्या फुगवट्या दिसतात. त्या जागी हायपेरिकम पुन्हा लावण्यात अर्थ नाही. सेंद्रिय खत वाढवल्यानं थोडा फरक पडतो, पण सुटका होत नाही.

फुलं न येण्याचं कारण बहुतेक वेळा सावली. वरच्या झाडाची विरळणी करा. सावली योग्य असून फुलं कमी असतील तर चुकीच्या वेळी झालेली छाटणी किंवा जास्तीचं नत्र ही दोन कारणं तपासा.

हद्द

हायपेरिकमचे धुमारे वरच्या थरातूनच चालतात, म्हणून त्यांना अडवणं शक्य आहे. लावतानाच कडेनं जाड प्लॅस्टिकची किंवा पत्र्याची पट्टी तीस सेंटिमीटर खोल उभी पुरा आणि वर चार-पाच सेंटिमीटर दिसू द्या. ती कड दिसली पाहिजे. जमिनीसपाट पट्टीवरून धुमारे पालापाचोळ्यातून सहज उडी मारतात. पट्ट्या जिथे जुळतात तिथे एकमेकींवर वीतभर चढवा. धुमारे नेमकी तीच फट शोधतात.

पट्टी नको असेल तर पट्ट्याला एका बाजूनं पायवाट किंवा हिरवळ असू द्या. हिरवळीत आलेली फूट दर आठवड्याच्या कापणीत निघून जाते. उघड्या वाफ्याच्या बाजूला मात्र वर्षातून दोनदा, वसंतात आणि फुलं संपल्यावर, धारदार फावड्यानं कडेनं सरळ उभा काप घ्या आणि कापाबाहेर गेलेले तुकडे उपसा. तुकडा मातीत सोडलात तर तो रुजतो.

नवी रोपं

या झुडपाची रोपं विकत घ्यावी लागतात ती एकदाच. वसंताच्या सुरुवातीला कडेचे धुमारे खणून काढा. दहा-पंधरा सेंटिमीटर लांबीचा तुकडा, त्याला निदान एक कोंब आणि थोडी तंतुमुळं, एवढं पुरे. लांब फांदी असेल तर बोटभर ठेवून छाटा. थेट जागेवर लावा किंवा कुंडीत एक हंगाम वाढवा. उचलल्यापासून लावेपर्यंत मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. वाऱ्यावर ती पंधरा मिनिटांत सुकतात.

जास्त रोपं हवी असतील तर छाट कलम. उन्हाळ्याच्या सुरुवातीला फूल न आलेली, आठ-दहा सेंटिमीटरची, बुडाशी किंचित कडक होऊ लागलेली फांदी पेराच्या खाली कापा. खालची पानं काढून जाडी वाळू आणि कोकोपीट समप्रमाणात घेतलेल्या मिश्रणात निम्मी खोचा. उजेड हवा, ऊन नको. चार ते सहा आठवड्यांत हलकं ओढून पाहा; फांदीनं विरोध केला तर मुळं आली. थंडीत कुंड्या आडोशाला ठेवा आणि पुढच्या वसंतात लावा.

सोबतीला काय, आणि दुसरे पर्याय

हायपेरिकमच्या आत दुसरं काही लावायचं तर मोठ्या जातीचे नर्गिसाचे कंद. छाटणी आणि नर्गिसाची फूट यांची वेळ जुळते: झुडूप बोडकं असतं तेव्हा नर्गिस फुलतं, आणि त्याची पिवळी पडणारी पानं हायपेरिकमच्या नव्या पालवीत झाकली जातात. कंद झुडपाबरोबरच, कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल लावा, कारण नंतर जाळ्यात खड्डा करणं जिकिरीचं होतं. छाटणी मात्र कोंब वर येण्याआधी उरका, नाही तर ब्रशकटरखाली नर्गिसाची टोकं जातात. लहान कंद लावू नका, ते पहिल्याच वर्षी दबून जातात.

पानांतही रंग हवा असेल तर कॅलिसिनमचाच 'ब्रिगाडून' हा सोनेरी पानांचा प्रकार आहे. तो कमी जोमाचा आहे, आणि जागा बेतानं निवडावी लागते: कडक उन्हात पानं भाजतात, दाट सावलीत हिरवी होतात. सकाळचं कोवळं ऊन त्याला सगळ्यात मानवतं.

आणि पसरणंच नको असेल, फक्त तसंच फूल सावलीच्या कडेला हवं असेल, तर हायपेरिकम मोझेरिआनम घ्या. कॅलिसिनम आणि पॅट्युलम यांचा हा संकर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी व्हर्सायच्या मोझे रोपवाटिकेत तयार झाला. उंची तेवढीच, फूल किंचित लहान, परागकोश लालसर, पण धावत नाही. थंडी मात्र कॅलिसिनमइतकी सोसत नाही.

पट्टा काढायचा झाला तर

कधी जागा बदलायची वेळ येते. वसंतात जमिनीसरशी कापा, माती ओली असताना फावड्यानं वीतभर जाडीचे चौकोन कापून उचला आणि मुळांची माती झटका. जाळं उथळ असल्यामुळे बहुतेक सगळं गालिच्यासारखं निघतं. उरलेले तुकडे पुढच्या सहा-आठ आठवड्यांत कोंब काढतील. तेव्हा प्रत्येक कोंब धुमाऱ्यासकट काटेफावड्यानं उचला, नुसता वरून खुडू नका. जागेवर पुठ्ठा आणि आच्छादन घालून एक पूर्ण हंगाम थांबा, आणि एकही कोंब न येता दोन महिने गेले की मगच तिथे दुसरं काही लावा.